६ फेब्रुवारीला घरी काय करायचं? वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा सण, मुलांसोबत

नाताळात मुलांना काय करायला द्यायचं हे कोणाला शिकवावं लागत नाही. गोठा असतो, स्टार असतो, करंज्यांचं सारण चोरून खायचं असतं. पण एखाद्या संताचा सण घरात कसा करायचा विचारलं की बहुतेक घरात उत्तर एकच, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचं, नवे कपडे घालायचे आणि दुपारी मटण. गावात राहत असाल तर तेवढं पुरतं, कारण बाकीचं सगळं गावच करतं, बँड येतो, मंडप पडतो, चुलत भावंडं असतात, पोरं दिवसभर घरात दिसतच नाहीत. आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. ६ फेब्रुवारी आठवड्याच्या मधे आली की शाळा, ऑफिस, ट्रॅफिक, आणि संध्याकाळी सात वाजता लक्षात येतं की अरे, आज सण होता.

म्हणून गेली पाच-सहा वर्षं आम्ही हा सण घरी करतोय, थोडा वेडावाकडाच, पण आता मुलंच आठवण करून देतात. काय जमलं आणि काय फसलं ते लिहिते, तुम्हाला हवं तेवढं उचला.

आधी हा संत का, ते. मुलांना आसिसीचा फ्रान्सिस माहीत असतो, लूर्दची बर्नादेत माहीत असते, पण आपल्या वसईत जन्मलेला माणूस संत झालाय हे सांगितलं की डोळे मोठे होतात. आपल्या म्हणजे खरंच आपल्या, किल्ल्यातल्या ज्या पडक्या चर्चच्या भिंतीपुढे आपण सेल्फी काढतो ना तिथे शिकलेला पोरगा. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट नावाच्या संघाच्या फादरांकडे शिकला आणि साधारण पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जहाजात बसून थेट जपानला गेला. पंधराव्या! माझी थोरली बाराची आहे, तिला एकटीला बसने कोथरूडला पाठवताना माझा जीव वर-खाली होतो.

तारखेचा घोळ आधी मिटवून टाकू. तो मेला ५ फेब्रुवारी १५९७ ला, नागासाकीत, धर्मासाठी मारलेल्या सव्वीस जणांपैकी एक. पण ५ तारखेला संत आगाथाचा सण असतो म्हणून चर्चच्या कॅलेंडरमध्ये ह्या सगळ्या हुतात्म्यांचा सण ६ ला येतो, आणि तिथे नाव दिसतं 'पॉल मिकी आणि सोबती' असं. मुलं कॅलेंडरमध्ये गोन्सालो शोधतात आणि सापडत नाही म्हणून हिरमुसतात, त्यांना सांगा की सोबत्यांमधला एक आपला. गावात बऱ्याचदा सोयीचा रविवार धरतात, ते बरंच आहे, म्हणजे एक दिवस घरचा आणि एक दिवस गावचा असे दोन सण होतात. आणि एक बघून ठेवा, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू होतो तो दिवस, कधी आहे ते. २००८ साली तो नेमका ६ फेब्रुवारीलाच आला होता, तसं झालं की केक वगैरे विसरा, आधीच्या रविवारी उरका.

आता माझी चूक सांगते म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या वर्षी मी भलत्या उत्साहात ५ तारखेच्या रात्री झोपताना अख्खी गोष्ट एका दमात सांगितली. जहाज, जपान, राजा, पकडणं, कान कापणं, क्रूस, भाले, सगळं. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्या रात्री तो दोन्ही कानांवर हात ठेवून झोपला, आणि पुढचे पंधरा दिवस केस कापायला सलूनमध्ये बसेना, कात्री कानाजवळ आली की रडारड. चूक माझीच. तेव्हापासून गोष्ट तुकड्यातुकड्यांत सांगायची हे ठरलं, आणि ते तुकडे जानेवारीपासूनच सुरू होतात.

तीन राजांचा सण झाला, गोठा आवरला, की त्याच दिवशी जाड कागदाची एक लांब पट्टी कापायची आणि त्यावर ३१ चौकोन आखायचे. ६ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. ही पट्टी फ्रिजवर लावायची. त्या सव्वीस जणांना क्योतोच्या बाजूने नागासाकीपर्यंत भर थंडीत चालवत नेलं होतं, जवळपास महिनाभर, अंतर सुमारे ८०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून रेल्वेने नागपूर आहे ना, साधारण तेवढं. मुलांनी रोज एक चौकोन रंगवायचा. आमच्या थोरलीने गेल्या वर्षी कॅल्क्युलेटर काढून ८०० भागिले ३१ केलं तर उत्तर आलं पंचवीस पूर्णांक काहीतरी, मग माझा नवरा म्हणाला पंचवीस म्हणजे वसई रोडला उतरलेल्या माणसाने गोरेगावपर्यंत रुळाच्या कडेने चालत जायचं, आणि उद्या परत तेवढंच, आणि परवा परत. नवऱ्याचं अर्धं आयुष्य त्या लोकलमध्ये गेलंय त्यामुळे हे त्याने इतकं मनापासून सांगितलं की धाकट्याने विचारलं "मधे मीरा रोडला बसायला मिळायचं का?"

रोज चौकोन रंगवताना एकच छोटा तुकडा सांगायचा, दोन वाक्यांचा. आज तो जहाजात बसला. आज तो जपानी शिकला. आज त्याला नाही म्हणाले. हा 'नाही' वाला तुकडा अजिबात गाळू नका. गोन्सालोने जपानात आठ-एक वर्षं जेझुइटांबरोबर काम केलं, लोकांना धर्म शिकवला, भाषा उत्तम शिकला, त्याला त्यांच्या संघात यायचं होतं आणि त्याला घेतलं नाही. मग तो काय रुसून वसईला परत आला नाही, व्यापारी झाला, आणि व्यापार चांगला चालला. पुढे मनिलाला गेला, तिथे फ्रान्सिस्कन ह्या दुसऱ्या संघाच्या लोकांनी त्याला घेतलं, ब्रदर म्हणून. फादर तो कधीच नव्हता, हे मुलांना सांगा कारण मुलांच्या डोक्यात संत म्हणजे एकतर फादर नाहीतर सिस्टर. थोरलीचं नाव शाळेच्या नाटकातून कापलं होतं त्या वर्षी तिने हा तुकडा मला तीनदा सांगायला लावला. मी काहीही समजावलं नाही, नुसता परत परत सांगितला.

नकाशा पण लागतोच. आशियाचा मोठा नकाशा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, राजकीय नकाशा मागा, रंगीत असतो. त्यावर लोकरीचा धागा आणि टाचण्या, वसई, मकाऊ, मनिला, नागासाकी, क्योतो. लहान मुलांना टाचण्या देऊ नका, चिकणमातीचे गोळे लावा. आणि १५९३ मध्ये तो दुसऱ्यांदा जपानला गेला तो मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचा निरोप घेऊन गेलेल्या फादर पेद्रो बाप्तिस्तांबरोबर, कारण जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्यापुढे बोलायला जपानी येणारा माणूस हवा होता. म्हणजे आपला गोन्सालो दुभाषी होता. ह्या एका शब्दावर आमचा अख्खा सण उभा आहे.

दुभाष्याचा खेळ असा. तीन जण लागतात. एकाने फक्त मराठी बोलायचं, एकाने फक्त इंग्लिश, तिसरा मधे बसणार. मराठीवाल्याला इंग्लिशवाल्याकडून एक वस्तू विकत घ्यायची आहे, आमच्याकडे खोडरबर असतो किंवा शेवटचं चॉकलेट. हातवारे बंद. मधल्याने जे ऐकलं तेच सांगायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, राग आला असेल तर तोही सांगायचा. वाटतं तितकं सोपं नाही हो. पोरं दुसऱ्याच मिनिटाला आपल्या बाजूचं घुसवायला लागतात, "तो म्हणतोय फुकट दे" वगैरे, मग बाकीचे दोघं ओरडतात. घरात कोणी कादोडी, वाडवळी ह्या वसईकडच्या बोली बोलणारं असेल, कोंकणी बोलणारं असेल तर मग फारच मजा, त्यांना खेळात ओढा. आमच्याकडे आजीला व्हिडिओ कॉल करतो, ते शेवटी सांगते.

भाषेवरून अजून एक. पोर्तुगीज खलाशी जिथे जिथे गेले तिथे शब्द सांडत गेले, आणि काही शब्द आपल्याकडेही सांडले आणि जपानातही. आपण पाव म्हणतो तो पोर्तुगीज शब्द, आणि जपानीत ब्रेडला म्हणतात 'पान', तोही तोच शब्द. आपला तंबाखू, त्यांचा 'ताबाको'. आपला साबण, त्यांचा 'शाबोन', आणि साबणाच्या फुग्यांना ते म्हणतात 'शाबोनदामा'. म्हणजे सणाच्या दिवशी बाल्कनीत फुगे सोडायला तुम्हाला अधिकृत कारण मिळालं. फुग्यांचं पाणी घरीच करा, भांडी घासायचं लिक्विड एक वाटी, पाणी चार वाट्या, दोन चमचे साखर, हलक्या हाताने ढवळायचं आणि तासभर ठेवून द्यायचं, लगेच वापरलं तर फुगे टिकत नाहीत. तारेचं कडं करा किंवा स्ट्रॉचं टोक चार ठिकाणी चिरून बाहेर वळवा. फुगा सोडताना 'शाबोनदामा' ओरडायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून घ्या, बस.

आता खाणं, कारण सण म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न तोच. आमच्याकडे दुपारचं जेवण साधं असतं, शाळेचा दिवस असतो, पण केक मात्र ठरलेला, आणि तो नागासाकीचा. कासुतेरा म्हणतात त्याला, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिकडे नेलेला केक, नाव कास्तिल ह्या प्रांतावरून पडलं, आणि आज नागासाकीला गेलेले लोक तो खोके भरभरून घेऊन येतात, आपण लोणावळ्याहून चिक्की आणतो तसं. त्यात बटर नाही, तेल नाही, बेकिंग पावडर नाही, नुसती अंडी फेटून फुगवायची. स्वस्त पण आहे.

प्रमाण सांगते, चार अंडी, १२० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे मध आणि तो पातळ करायला दोन चमचे कोमट दूध. अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवा. अंडी आणि साखर एका मोठ्या पातेल्यात घ्या, हे पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा आणि फेटायला घ्या. इलेक्ट्रिक बीटर असेल तर सात-आठ मिनिटं, नसेल तर पाळीपाळीने सगळ्यांचे हात दुखेपर्यंत. कधी थांबायचं? बीटर वर उचलला की खाली पडणारी धार वरच्यावर फितीसारखी दिसली पाहिजे, लगेच बुडून गेली तर अजून फेटा. आम्ही त्या धारेने पातेल्यात इंग्लिश 'जी' काढतो, गोन्सालोचा, आणि तो 'जी' दिसेनासा व्हायच्या आत धाकट्याने पाच आकडे मोजले की झालं. मग मध-दूध घालायचं, मग मैदा दोनदा चाळून तीन वेळा थोडा थोडा घालून सगळ्यात हळू स्पीडवर फिरवायचं. डबा साधारण सात इंची चौकोनी, आत बटर पेपर चारी बाजूंनी वरपर्यंत आला पाहिजे. मिश्रण ओतून झालं की डबा ओट्यावर टपकन दोनदा आपटायचा, मोठे बुडबुडे निघून जातात, हे काम मुलांचं, आणि ते फार जबाबदारीने करतात. ओव्हनमध्ये १६० डिग्रीला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड जुन्या कढईत तळाला मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, दहा मिनिटं आधी तापवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर तेवढाच वेळ किंवा थोडा जास्त, सुरी घालून बघा, कोरडी निघाली पाहिजे.

आणि खरी गंमत पुढे आहे. हा केक गरम असतानाच पालथा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचा असतो, मगच तो ओलसर होतो. म्हणजे ५ तारखेला करायचा आणि ६ ला खायचा. ५ तारीख हुतात्म्यांची, त्या दिवशी घरभर केकचा वास आणि कोणालाच हात लावायचा नाही. हे कोणी ठरवून केलेलं नाही पण मला फार आवडतं, आणि उपास म्हणजे काय हे माझ्या मुलांना बाकी कशाने समजलं नसेल तेवढं ह्या केकने समजलंय. गेल्या वर्षी सकाळी एका कोपऱ्यावर उंदराने खाल्ल्यासारखं झालं होतं. आमच्याकडे उंदीर नाहीत.

अंडं खात नसाल किंवा एवढा खटाटोप नको असेल तर सुकेळी आणा. वसईच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, केळीच्या सोपटात बांधलेली. प्रवासाचा डबा म्हणून चालतील, जहाजात टिकली असती अशी गोष्ट.

पेहराव. तपकिरी जुनी शाल किंवा दुपट्टा, कमरेला सुती दोरी. फ्रान्सिस्कनांच्या दोरीला तीन गाठी असतात, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ह्या तीन शपथांच्या. गाठी मुलांनीच मारायच्या. पहिल्या गाठीला मी सांगते की आज एक खेळणं देऊन टाकायचं, तिसऱ्या गाठीला सांगते की आज एकदाही 'थांब ना' म्हणायचं नाही, आणि मधल्या गाठीचं पुढच्या वर्षी सांगेन म्हणून गेली तीन वर्षं ढकलतेय. थोरलीला बहुतेक कळलंय, ती हसते.

आता तो कठीण भाग, कारण तो टाळून हा सण होत नाही. वय बघा. पाचच्या आतल्यांना मी एवढंच सांगते की राजाला भीती वाटली, त्याने त्यांना पकडलं, आणि ते येशूला सोडून जायला तयार नव्हते म्हणून त्यांना मारलं. खोटं काही नाही, फक्त तपशील नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना क्रूस सांगता येतो, त्यांनी चर्चमध्ये रोज बघितलेला असतोच. जपानात खिळे मारले नव्हते, दोरीने आणि लोखंडी कड्यांनी बांधलं होतं आणि मग भाले, ही माहिती दहाच्या पुढे. कान पण तेव्हाच, आणि कृपया दिवसाउजेडी. थोरल्यांना कारण पण सांगा. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, त्यातल्या मालावरून भांडण झालं, आणि हे मिशनरी म्हणजे पुढे येणाऱ्या सैन्याची वाट मोकळी करणारे आहेत असा संशय हिदेयोशीच्या डोक्यात बसला. वसईच्या मुलाला हे समजतं, कारण आपल्या किल्ल्यात पण चर्च आणि तोफा एकाच भिंतीच्या आत होत्या. थोरलीने विचारलंच, "मग तो संशय अगदीच खोटा होता का?" मी म्हटलं ह्या सव्वीस जणांच्या हातात तर काहीच नव्हतं. बाकीचं आम्ही अजून बोलतोय.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि बाकी सतरा साधी जपानी माणसं. आणि त्यात तीन मुलं होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेराचा, थॉमस कोझाकी चौदाचा. माझा अनुभव असा की मुलं मोठ्या संतापेक्षा ही तीन नावं जास्त धरून ठेवतात. लुईसने नागासाकीच्या टेकडीवर पोचल्यावर माझा क्रूस कुठला विचारलं आणि तिकडे धावत गेला असं सांगतात. थॉमसचे वडील पण त्यांच्यातच होते, आणि त्याने वाटेत आईला पत्र लिहिलं, आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ. ते पत्र पोचलंच नाही, नंतर वडिलांच्या अंगावर सापडलं.

मग आम्ही पण त्या दिवशी पत्र लिहितो. खरं, कागदावर, पोस्टाने जाणारं. पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणून ठेवायचं, निळं, आजकालच्या मुलांना ते कसं मोडायचं हेच माहीत नसतं, दोनदा चुकीचं चिकटवतात. विषय मी देत नाही. एवढंच सांगते की ज्याला लिहायचं त्याच्याशी तुम्ही खूप दिवस बोललेले नसलात तर बरं. धाकट्याने एकदा त्याच्या जुन्या रिक्षावाल्या काकांना लिहिलं होतं, पत्ता शोधता शोधता माझी वाट लागली.

संध्याकाळी दिवे. पहिल्या वर्षी मी दिवाळीच्या २६ पणत्या एका परातीत लावल्या, दिसायला फार सुंदर दिसलं, आणि थोरली क्रुसाची खूण करायला वाकली तर वेणीचं टोक पणतीत, चुर्र. केसांचा वास दोन दिवस घरात होता. आता तीन पणत्या खऱ्या, मुलांच्या तीन नावांच्या, एक मेणबत्ती गोन्सालोची, आणि बाकीचे बावीस पिवळ्या कार्डपेपरचे कापलेले, परातीत वाळू भरून त्यात खोचलेले. वाळू घाला, ती सगळ्यात कामाची गोष्ट, काहीही सांडलं तरी विझतं. सव्वीसच्या सव्वीस नावं वाचायचा हट्ट मी सोडला, दहाव्या नावाला पोरं जांभया देतात. चार नावं म्हणायची आणि बाकीचे मोजायचे.

प्रार्थना छोटी. एक 'नमो मारिया' ही मरियामातेची प्रार्थना, एक बायबलमधलं स्तोत्र, झालं. स्तोत्र ११३ घ्या, अँथनीने क्रुसावर तेच गायलं असं सांगतात, आणि त्याची सुरुवातच परमेश्वराच्या सेवकांनो स्तुती करा अशी आहे, लॅटिनमध्ये तिथे शब्द आहे मुलांनो. वाचायला मुलांनाच द्या, अडखळू द्या. नागासाकीला निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, म्हणजे त्यांना संत जाहीर केलं त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, सव्वीस जणांचं मोठं स्मारक उभारलं, सगळे ओळीत उभे, त्याचा फोटो नेटवर सहज मिळतो. प्रिंट काढून परातीच्या मागे टेकवून ठेवा आणि विचारा, ह्यातली मुलं कुठली? उंचीवरून लगेच शोधतात.

गावी जाता आलं तर वसईजवळच्या गासचं चर्च दाखवा, गोन्सालो गार्सियाच्या नावाचंच आहे, आणि वसई किल्ल्यात तर जाच, पण फेब्रुवारीतही दुपारी ऊन असतं, सकाळी जा, पाणी न्या.

तुमचं गाव वसई नसेल तर तुमचा संत वेगळा असेल, रीत तीच चालते, त्याच्या आयुष्यातलं एक काम असं शोधायचं जे मूल हाताने करू शकेल. गोव्याच्या मंडळींना १६ जानेवारीचा संत जोसेफ वाझ आहे, वेष बदलून श्रीलंकेत शिरलेला, म्हणजे वेषांतराचा खेळ आयताच. २४ जूनला सांजांवला, म्हणजे संत जॉन बाप्तिस्ताच्या सणाला, डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, फ्लॅटमध्ये बादली आहे आणि शॉवर आहे, कोपेल मात्र खरा करा. ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर, त्याला तर नकाशा लागतोच. मुलांची नावं संतांची असतील तर त्यांचा दिवस शोधा, वाढदिवसापेक्षा स्वस्त पडतो.

आता आजीचा कॉल. आमची आजी, म्हणजे माझी सासू, वसईत असते आणि घरात कादोडीच बोलते, मराठी येते पण रागावल्यावर किंवा लाडात आली की कादोडीच. माझ्या दिराचा मुलगा कॅनडात वाढलाय, त्याला इंग्लिशशिवाय काही येत नाही, आजीशी त्याचं संभाषण म्हणजे हाय आजी, बाय आजी. ६ तारखेला तिघांचा व्हिडिओ कॉल लावतो, तिकडे सकाळ असते, आणि मधे दुभाषी म्हणून थोरली, तपकिरी दुपट्टा आणि दोरीसकट. नियम तेच, आपलं काही घालायचं नाही. पहिल्या वर्षी आजीने पाच मिनिटं काहीतरी सांगितलं, पाणावलेल्या डोळ्यांनी, आणि थोरलीने भाषांतर केलं "शी सेज ईट प्रॉपर्ली." आम्ही सगळे हसलो, आजी पण हसली, पण थोरलीला ते लागलं असावं, कारण नंतर वर्षभर तिने आजीकडून शब्द विचारून विचारून एक वही भरली.

ह्या वर्षी वही मांडीवर घेऊन बसली होती. कॅनडातल्या पोराने पाव दाखवला, त्याला मी आधीच सांगितलं होतं, तो म्हणाला जपानमध्ये ह्याला पान म्हणतात, टेल आजी. थोरलीने सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प. तिच्या वडिलांच्या वाडीत पानवेली होत्या, लहानपणी तिने पानं खुडून मोजून करंड्या भरल्यात. मग तिने विचारलं, "मग ते लोक खायच्या पानाला काय म्हणतात?"

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं माझ्याकडे काय बघतेस, तू दुभाषी, विचार त्याला.